कूस

ग्रिम्सबीच्या शाळेत, नववीच्या वर्गासमोर
मी गणवेशातच उभी राहिले, रात्रपाळी उरकून,
बुटांना अजून कॅज्युअल्टीतल्या फरशीचा वास.
मिसेस थॉर्नली म्हणाल्या, वीस मिनिटं आहेत,
दारूबद्दल काय ते सांगा. स्लाइड्स आणल्यात?
नाही. चटई आणलीय.

तिसऱ्या रांगेत माझा निहार,
नुसत्या स्वेटरवर (जॅकेट बसमध्ये विसरला म्हणे,
रविवारभर मी त्यावरून बोलत होते),
खिडकीतल्या सीगलकडे बघत
मला न ओळखणारा.

यकृताचं चित्र नाही दाखवलं.
यकृत चाळिशीत बिघडतं, आणि चौदाव्या वर्षी
चाळिशी म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी गाव.
मी शनिवारचं सांगितलं, नाव न घेता.
गोदीमागच्या बागेत, घसरगुंडीखाली मिळालेला मुलगा.
वय तुमच्याएवढं. अंगाचं तापमान चौतीस.
ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, मित्र प्रेमळ असणार,
अंगावर दोन जॅकेटं घातली होती,
डोक्याखाली दप्तर,
आणि उताणा ठेवून गेले घरी.
झोपला की उतरेल.

उतरत नाही, मी म्हटलं.
बाटली संपली तरी पोटातली
रक्तात चढतच राहते,
जिना संपल्यावर कुणी चढत राहावं तशी.
कॉफीनं उतरत नाही, गार पाण्यानं नाही.
आणि उताण्या माणसाला उलटी झाली
तर ती जाते कुठे, विचार करा.

मागच्या बाकावरचं खिदळणं थांबलं.

तो वाचला. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा
त्या वाटेनं आला म्हणून वाचला.
कुत्र्याला रोजच त्या वेळी बाहेर जावंसं वाटेल
असं नाही.

टेगन नावाच्या मुलीनं हात वर केला:
नऊशे नव्व्याण्णवला फोन केला तर आईला कळेल ना?
बहुतेक कळेल. खोटं कशाला बोलू.
आई ओरडेल, महिनाभर ओरडेल.
पण ओरडायलासुद्धा
समोर कुणीतरी लागतं.

मग विचारलं, चटईवर कोण झोपतंय?
कुणी उठेना. एकमेकांना कोपरानं ढोसणं चाललं होतं.
एक खुर्ची करकरली
आणि निहार येऊन आडवा झाला,
डोळे मिटून, लांबच लांब.
कधी झाला एवढा? वर्षभर तो मला
केसांनासुद्धा हात लावू देत नव्हता.

मिरजेला सिस्टर साळवे शिकवायच्या,
आधी पेशंटला कुशीवर घे, मग देवाचं नाव घे.
अलीकडचा हात काटकोनात.
पलीकडचा हात आणून पालथा गालाखाली.
पलीकडचा गुडघा उभा करून आपल्याकडे ओढायचा.
सहज वळला.
असाच झोपायचा, पाळण्यात, मूठ गालाशी.

वर्गाला मी इंग्रजी नाव सांगितलं, ते फळ्यावर लिहिलं.
आमच्याकडे कूस म्हणजे अंगाची एक बाजू,
आणि मूल जिथून येतं ती जागाही कूसच,
हे काही सांगत बसले नाही.

आता हनुवटी जरा मागे,
आणि कान तोंडाजवळ नेऊन श्वास मोजायचे.
मी वाकले.

तो ओठ न हलवल्यासारखं बोलला, मराठीत,
घरीही हल्ली बोलत नाही इतक्या स्वच्छ मराठीत,
आई, त्यातलं एक जॅकेट माझं होतं.

तीस मुलं बघत होती.
कुणालाच काही कळलं नाही.
मी कान तिथेच ठेवला
आणि इंग्रजीत मोठ्यानं मोजत राहिले,
सात, आठ, नऊ.

मिसेस थॉर्नलींनी घड्याळ दाखवलं.
एक मिनिट पूर्ण मोजायचं असतं, मी म्हटलं,
आणि त्याच्या पाठीवरचा हात
काढला नाही.